शेवटचा हात

अशी कल्पना करा. तुमची गाडी गडद निळी आहे आणि काल दिवसभर ती एका इमारतीच्या कुंपणाला लागून उभी होती. कुंपणाच्या लोखंडी जाळीला कोणीतरी स्प्रे गनने पांढरा रंग मारत होतं. वारा होता. गनमधून उडालेला सगळा रंग काही जाळीवर बसत नाही. जाळी म्हणजे निम्मी भोकंच. उरलेला रंग धुक्यासारखा तरंगत जातो आणि जागा मिळेल तिथे बसतो. आज सकाळी तुम्ही टपावर हात टेकला, तर वाढलेल्या दाढीचे खुंट लागावेत तसं काहीतरी लागलं. वाकून बघितलंत, तर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके. मोजायला बसलात तर म्हातारे व्हाल.

आता हे काढायचंय. तुम्ही गाडी धुता. ठिपके हसतात. नखाने खरवडता. एक निघतो आणि त्याच्या जागी ओरखडा येतो. शेजारचा सांगतो, थिनर लाव. शेजाऱ्याचं ऐकू नका. आपला रंग कुठला आणि परका कुठला हे थिनरला कळत नाही. यासाठी माती लागते. धंद्यात तिला माती म्हणतात, पण ती असते रबरासारखी मऊ वडी. पत्र्यावर साबणाचं पाणी सढळ हाताने मारायचं, वडी चपटी करायची आणि अजिबात न दाबता सरळ मागे-पुढे सरकवायची. आधी खर्र आवाज येतो. वर बसलेले कण वडीत रुततात आणि उपटले जातात. आवाज विरत जातो. मग हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवायचा. पिशवीमुळे बोट अडखळत नाही, आणि उघड्या हाताला न कळलेला कणही टोचतो. टोचला तर पुन्हा माती. नाही टोचला तर थांबायचं.

संपलं. घासायला कोणीही शिकतं. थांबायचं कधी, हे ज्याला कळतं त्याच्याकडे लोक लांबून गाड्या घेऊन येतात.

मखमलकडे यायच्या.

मखमल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. गाडी तयार झाली की तो पिशवीतला हात टपापासून बोनेटपर्यंत एकदा फिरवायचा, डोळे मिटून, आणि म्हणायचा, "मखमल." तो शब्द उच्चारल्याशिवाय गाडी शेडबाहेर जायची नाही. शेडमध्ये याला शेवटचा हात म्हणत. ग्राहक घाईत असो, बाहेर दुसरी गाडी हॉर्न वाजवत असो, शेवटचा हात फिरल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. हळूहळू तो शब्दच त्याला चिकटला. बायको सोडली तर सगळे त्याला मखमल म्हणत, पण त्याच्या जिभेवर मात्र मखमलीचा धागा नव्हता.

शेड दोघा भावांची. मधे पत्र्याची भिंत. पलीकडे धाकटा डेंटिंग-पेंटिंग करायचा, अलीकडे मखमल धुणं, ठिपके काढणं, पॉलिश. रस्त्यावरचे लोक म्हणत, एक भाऊ उडवतो, दुसरा काढतो, घरचा धंदा असावा तर असा. धाकटा हसायचा. मखमलला ते आवडत नसे.

धाकटा हातमोजे घालायचा आणि तोंडाला मास्क लावायचा. मखमलने उभ्या जन्मात हातमोजा घातला नाही. तरुणपणी दोघेही वडिलांच्या हाताखाली रंगकामच करत, आणि दिवस संपला की मखमल थिनरच्या डब्यात कोपरापर्यंत हात बुडवून रंग धुवायचा. पुढे ठिपक्यांच्या कामाला लागला तरी डांबराचे डाग, गोंद, सगळं उघड्या हाताने थिनरच्या फडक्याने पुसायचा.

"दादा, मोजे घाल," धाकटा सांगायचा. "कातडीतून आत जातं ते."

"मोजा घातला की हात मुका होतो. तू घाल. तुला काय, लांबून फवारायचंय."

धाकट्याने एकदा रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. पत्र्यावर टेकवलं की किती रंग शिल्लक आहे ते आकड्यात दाखवायचं. मखमलने ते उलटसुलट करून बघितलं, म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि खणात टाकून दिलं. दिवाळं काढशील असल्या खेळण्यांनी, असंही वर ऐकवलं.

मखमलची बायको शेडमध्ये आली ती त्याचा जुना कामगार सोडून गेला तेव्हा. आधी काचा, पायपुसणी, सीट. मग साबणाचं पाणी मारणं. मग माती. तिचा हात हलका होता, पण हे मखमलने तिला कधी सांगितलं नाही. शिकवण्याची त्याची एक पद्धत होती. तिने एखादा दरवाजा घासून "झालं" म्हटलं, की तो पिशवी चढवून तपासायचा, आणि कुठेतरी कोपऱ्यात, हँडलच्या खाली, एखादा कण सापडायचाच. मग तिचं मनगट धरायचा आणि तिचं बोट त्या कणावर टेकवायचा.

"हे काय आहे? तुझं डोंबल?"

ग्राहक उभे असले तरी असंच. ग्राहक असले तर जरा जास्तच. आपल्याकडे किती कडक काम चालतं हे त्यांना दिसायला नको का! एकदा एका ट्रकमालकासमोर तो म्हणाला, "हिला डोळे दिलेत देवाने, हात द्यायचा विसरला." ट्रकमालक हसला. तीही जराशी हसली आणि बादली उचलून नळावर गेली.

एवढ्यावरून ती काय शिकली हे मखमलला कळलं नाही. ती शिकली की "झालं" म्हटलं तर बोलणी बसतात. "थोडं आहे अजून" म्हटलं, तर तो खूश होतो. खरोखर राहिलेलं असेल तर तिची पारख पक्की, नसेल तर तो म्हणतो, "कुठे आहे? गेलं की. पण नजर ठेवलीस ते बरं केलंस." दोन्हीकडून सुटका. मग ती कायम थोडं ठेवायला लागली. विचारलं की म्हणायची, "आहे थोडं. कडेला."

त्यानंतर मखमलच्या बोटांना ते सुरू झालं.

पाय अवघडून बधिर झाल्यावर मुंग्या येतात ना, तसं. पण मुंग्या जातात. या गेल्या नाहीत. आधी वाटलं गारठा आहे. कोमट पाण्यात हात धरून बसला. तेल चोळलं. बोटांच्या शेंड्यांना साखर चिकटल्यासारखी वाटायची आणि किती धुतली तरी जायची नाही. पेला धरला तर पेला खरखरीत. चादर खरखरीत. सकाळी दाढी करून गालावरून हात फिरवला, तर दाढी केलीच नाही असं वाटावं. पुन्हा केली, गाल सोलून निघाला.

बधिरपणा आला असता तर कदाचित बरं झालं असतं. काहीच कळत नाही म्हटल्यावर माणूस निदान घाबरतो. इथे उलट होतं. नस बिघडली की ती गप्प बसत नाही, खोटं बोलते. जिथे कण नाही तिथे कण आहे असं सांगते. मखमलच्या हाताला सगळं जगच ठिपक्यांनी भरल्यासारखं लागायला लागलं, आणि जगात ठिपके शोधायची त्याला जन्माची सवय होती.

त्याने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उजव्या हाताऐवजी डावा वापरून बघितला, तर थोड्या दिवसांत डावाही तसाच. मग तो मातीच्या आवाजावर विसंबू लागला. रस्त्यावर रहदारी नसली की जमायचं. बाकी वेळी अंदाज. शेवटचा हात फिरवताना डोळे मिटायचा, मनात घासलेल्या फेऱ्या आठवायचा आणि "मखमल" म्हणायचा. हा शब्द एकदा खोटा ठरला, तर या शेडमध्ये आपण कोण? धुणारा. तेवढंच.

अशात दाताचे डॉक्टर आले.

गाडी जुनी होती, गडद निळी, कंपनीतून निघालेल्या रंगाची. एका जागीही पुन्हा रंग मारलेला नव्हता. त्यांच्या दवाखान्याच्या शेजारी जाळी रंगवली होती आणि बोनेट, टप, डावी बाजू पांढऱ्या खसखशीने भरली होती. डॉक्टर गाडीतून उतरले आणि धाकट्याच्या पाटीकडे बघून म्हणाले, "डेंटिंग. म्हणजे आपण एकाच धंद्यातले."

"तुमच्याकडे गिऱ्हाईक ओरडतं, डॉक्टर," धाकटा म्हणाला. "आमच्याकडे बिल बघून ओरडतं."

डॉक्टर हसले. मग मखमलकडे वळले. "मला तुमच्याकडे पाठवलंय. म्हणतात, तुमच्या हातासारखा हात नाही. हा मूळ रंग आहे, जपा. दाताच्या वरच्या थरासारखं आहे बघा, एकदा गेला की परत येत नाही."

"मला सांगताय?" मखमल म्हणाला. "उद्या संध्याकाळी या. आरशासारखी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला पाणी मारायला लावलं आणि कामाला बसला. टप, मग डावी बाजू, मग बोनेट. काम छान चाललं होतं. मातीचा आवाज विरला. वडीवर पांढरा थर दिसत होता, तो आत मुडपून नवी बाजू काढली. पुढे तीही स्वच्छ निघायला लागली. म्हणजे गाडी झाली होती. मातीवर काही येत नाही म्हणजे पत्र्यावर काही नाही, हे मखमलनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

पण पिशवी चढवून बोनेटवर हात फिरवला, तर बोनेट खरखरीत.

पुन्हा माती फिरवली. पुन्हा हात. खरखरीतच.

धाकटा दिवा घेऊन पलीकडे चालला होता, तो थांबला. दिवा तिरका धरून बोनेटवर नजर टाकली. "झालं की दादा. काय घासतोयस?"

"तू रंग उडव. काढायचं मी बघतो."

"यंत्र लावून बघू का? जुनी गाडी आहे, थर किती उरलाय कोणाला माहीत."

"खणात आहे तुझं यंत्र. घेऊन जा आणि विकून टाक."

धाकटा गेला. मखमल एकटा बोनेटसमोर उभा राहिला. आता काय करावं? डोळ्यांना काही दिसत नव्हतं, वडी स्वच्छ होती, भाऊ म्हणतो झालं. आणि ज्याच्यावर जन्म काढला तो हात म्हणतो, नाही झालं. हाताचं खोटं मानायचं तर आजपासून शेवटचा हात संपला. खरं मानायचं तर घासायचं. आणि विचारायचं कोणाला?

बायको काच पुसत होती. मखमलने तिला हाक मारली. त्या क्षणी नुसतं "माझ्या बोटांना कळत नाहीये गं, तू बघ" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. त्याने आवाज चढवला, नेहमी परीक्षा घेताना चढवायचा तसा.

"इकडे ये. पिशवी घाल. बोनेटवरून हात फिरव आणि सांग काय लागतं. नीट सांग, उगाच ठोकून देऊ नकोस."

तिने पिशवी घातली. हात मधून फिरवला, मग उजव्या उंचवट्यावरून, मग कडेने. मग मान वर करून क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आहे थोडं," ती म्हणाली. "कडेला."

मखमलचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हात खरा होता! भाऊ चुकला, दिवा चुकला, वडी चुकली, हात खरा होता. इतक्या दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. "बघ," तो म्हणाला, "शिकलीस शेवटी."

त्याने पॉलिशची मशीन काढली, लोकरीची चकती लावली, जाडं कंपाऊंड, म्हणजे घासायची खरबरीत पेस्ट, घेतलं. मातीने न जाणारा चिवट रंग असा काढावा लागतो कधी कधी. बोनेटच्या उंचवट्यावर, कडेला, सगळीकडे फिरवली. हात लावला, खरखरीत. पुन्हा फिरवली. आता जिद्दच चढली होती. बायको काच पुसायला परत गेली. ती त्याच त्या काचेवर फडकं फिरवत राहिली.

गाडीचा रंग दोन थरांचा असतो. खाली रंग, वर काचेसारखा पारदर्शक थर. पारदर्शक थर घासला जातो तेव्हा चकतीवर पांढुरकं येतं. मखमल नव्या माणसांना सांगायचा, चकतीवर गाडीचा रंग दिसला की मग थांबून उपयोग नाही, माफीच मागायची.

चकती निळी झाली होती. त्याने मशीन उचलली. बोनेटच्या उजव्या उंचवट्यावर, विस्कटलेल्या भांगासारखी, एक करडी रेघ उघडी पडली होती. प्रायमर, रंगाच्याही खालचं अस्तर.

संध्याकाळी डॉक्टर आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, वाकून रेघ बघितली, तिच्यावर बोट ठेवलं.

"मी एखाद्याचा किडका दात सोडून चांगला काढला असता," ते म्हणाले, "तर त्याला काय सांगितलं असतं हो?"

मखमल चकतीवरचं निळं फडक्याने पुसत राहिला.

"बोनेट मी रंगवून देतो, डॉक्टर," धाकटा मधे पडला. "छटा जुळवून देतो, ओळखू येणार नाही. पैसे नकोत."

"मला येईल ओळखू."

"चूक आमची आहे. दादाच्या बोटांचं हल्ली काही खरं नाही. मला दिसत होतं. दोन-तीन गाड्या मी मागाहून परत पुसून दिल्यात."

मखमलने भावाकडे बघितलं. "मागाहून?"

"मग काय करू? तुला सांगितलं असतं तर तू मलाच पिटाळला असतास."

डॉक्टरांनी मखमलचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि खिशातल्या पेनाचं टोक एकेका बोटाला लावून विचारलं, लागतंय का. मखमलने हात ओढून घेतला. पुढे जाऊन त्याने मोठ्या डॉक्टरला दाखवलंच. नसा गेल्यात, थिनरने असं होऊ शकतं, आहे ते सांभाळा, गेलं ते येणार नाही. इतकी वर्षं मोजे का नाही घातले, असंही त्यांनी विचारलं. तो म्हणाला, सवय नव्हती.

शेड बंद पडली नाही. मखमलला आतल्या आत वाटलं होतं की आपला हात गेला म्हणजे शेड बसणार. काही झालं नाही. एक सकाळ उजाडली, एक पांढरी गाडी तयार होऊन उभी राहिली, आणि धाकट्याने हाक मारली, "वहिनी, शेवटचा हात." मखमलला कोणी विचारलं नाही. बायकोने फडकं खांद्यावर टाकलं, पिशवी घातली, हात टपावरून बोनेटपर्यंत आणला. एकदाच. डोळे उघडे होते तिचे.

"झालं," ती म्हणाली.

गाडी गेली. तक्रार घेऊन परत आली नाही. पुढच्याही परत आल्या नाहीत. आता लोक किल्ली मागताना वहिनींकडे बघतात. मखमल पायपुसणी झटकतो, काचा पुसतो, मोजे घालून. मोजे धाकट्याने आणून दिले. "आता कशाला?" मखमल म्हणाला. "आहे तेवढं राहू दे," धाकटा म्हणाला. टोमणा मारावा तसं मुळीच नव्हतं ते, म्हणूनच जास्त लागलं.

बसल्या बसल्या तो बायकोचा हात बघत असतो. एखादा चुकार कण तिला टपावरून हात नेता नेता सापडतो. थांबते, माती फिरवते, पुढे जाते. अडत नाही, शंका घेत नाही. असा हात चार दिवसांत तयार होत नाही. तो आधीपासूनच होता. मग त्या दिवशी?

एकदा जेवताना त्याने विषय काढला. ताटाकडे बघतच म्हणाला, "डॉक्टरांच्या बोनेटवर तुला काय लागलं होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"गुळगुळीत होतं."

"मग आहे थोडं का म्हणालीस?"

तिने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. "झालं म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?"

ऐकलं नसतं. मनगट धरलं असतं. घाबरून म्हणाली, म्हणजे चूक आपलीच, इतकी वर्षं आपणच लावलेली सवय. हे पचवायला कडू आहे, पण पचतं. त्याने तसं ठरवलंही आणि थोडे दिवस बरे गेले.

मग त्याला चहा आठवला. पूर्वी शेडमध्ये ती गरम चहाचा स्टीलचा पेला थेट त्याच्या हातात द्यायची. पण डॉक्टरांची गाडी आली त्याच्या बऱ्याच आधीपासून ती पेला हातात देईनाशी झाली होती. जवळच्या स्टुलावर ठेवायची, आणि निवल्यावर म्हणायची, घ्या. त्याच्या शर्टाची बटणंही ती लावून ठेवायला लागली होती, वरची दोन सोडून, म्हणजे शर्ट डोक्यातून घालता यावा. तेव्हा त्याने लक्ष दिलं नव्हतं. बायको आहे, करते.

भावाला कळलं होतं. भिंतीपलीकडून कळलं होतं. ती तर त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहते.

त्याला तिचं ते क्षणभर बघणं आठवतं. हात बोनेटवर, मान वर, नजर त्याच्या तोंडाकडे. भीती होती का त्यात? तो आठवून आठवून ते तोंड घासत बसतो, आणि जितकं घासावं तितकं ते पुसट होत जातं. कधी त्याला तिथे वर्षानुवर्षं मनगट धरलेली बाई दिसते. कधी त्याला दिसते मशीन सुरू होणार हे ठाऊक असलेली आणि तरीही काच पुसायला निघून गेलेली बाई.

आज गाड्या नाहीत. ती दारात बसून पिशव्या धुऊन तारेवर वाळत घालते आहे. मखमल मोजे काढतो, तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. ती वर बघत नाही.

"एक विचारू?"

"विचारा की."

"त्या दिवशी मी तुला हाक मारली, तेव्हा माझी बोटं गेलीत हे तुला माहीत होतं का?"